जनावराच्या बाजूनं उभं राहायचंय? सोलापुरात सुरुवात अशी करा

फेब्रुवारीतली दुपार होती. होटगी रोडवर उसाची बैलगाडी चढाला अडलेली. डाव्या अंगाचा बैल पुढच्या गुडघ्यांवर बसला होता आणि गाडीवान त्याचं शेपूट पिरगाळत होता. भोवती पंधरा-वीस माणसं, निम्म्यांच्या हातात मोबाईल. मी स्कूटर बाजूला लावली, गर्दीत घुसले आणि गाडीवानावर ओरडायला लागले. तोही ओरडला. माझ्या बाजूनं दोघे बोलायला लागले, त्याच्या बाजूनं चौघे. तेवढ्यात मागून चालत आलेली त्याची बायको काही न बोलता गाडीवर चढली आणि उसाच्या मोळ्या खाली टाकू लागली. कुणीतरी जुवाची जोती, म्हणजे बैलाच्या गळ्याचे पट्टे, सोडली. ओझं हललं तसा बैल उठला.

माझ्या भांडणाची दहा मिनिटं तो बैल गुडघ्यांवर होता. म्हणून या कामात नव्यानं येणाऱ्यांना मी आधी हेच सांगते की तिथं पोचल्यावर जनावराकडे बघा, माणसाकडे नंतर. त्याला आत्ता काय हवंय? पाणी, सावली, ओझं उतरवणं, दावं सैल करणं की डॉक्टर? ते झाल्यावर माणसाचं बघता येतं, आणि ते बहुतेक वेळा रस्त्यावर होत नाही, कागदावर होतं. पुढचं सगळं या क्रमानंच लिहिलंय.

पायरी १ : बघायला शिका

आपला राग खरा असतो, पण ठाण्यात रागाची नोंद होत नाही. काय चुकलं ते नेमकं सांगता यायला हवं. प्राण्यांना निर्दयतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे आणि त्याचं कलम ११ पाठ करण्यासारखं आहे. मारहाण करणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, जखमी किंवा आजारी जनावर कामाला जुंपणं, तोकड्या किंवा जड साखळीनं तासन्‌तास बांधून ठेवणं, मालक असून चारा-पाणी-निवारा न देणं, जनावर वाऱ्यावर सोडून देणं, त्रास होईल अशा तऱ्हेनं कोंबून नेणं, हे सगळं त्यात येतं.

ओढकाम आणि पाठीवरून ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे वेगळे नियम आहेत. आपल्या जिल्ह्यात ते सगळ्यात उपयोगी पडतात. जनावराला दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त कामाला लावता येत नाही. जिथं तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथं दुपारी १२ ते ३ या वेळात कामाला जुंपायला बंदी आहे. सोलापुरात उसाचा हंगाम संपता संपता, मार्चमध्ये, हा नियम बऱ्याच दिवशी लागू होतो. टोकदार आर लावलेली पराणी किंवा खिळे असलेलं जू वापरायलाही मनाई आहे. गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त ५० किलो, म्हणजे सिमेंटचं एक पोतं. नदीकाठी ओल्या वाळूची गोणी लादलेलं गाढव दिसलं की हा आकडा आठवा.

गोठ्यांत आणखी एक प्रकार चालतो. म्हैस पान्हा सोडत नाही म्हणून धारेच्या आधी इंजेक्शन टोचायचं. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारं इंजेक्शन देणं कलम १२ खाली गुन्हा आहे, त्याला २ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पोलिस त्यात थेट कारवाई करू शकतात. गोठ्यामागच्या उकिरड्यावर इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग दिसला तर फोटो घ्या, हात लावू नका.

बघताना एक फरक मात्र करायला शिका. ऊसतोडीला आलेलं कुटुंब मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आलेलं असतं, बैलही बहुतेक वेळा त्याच उचलीवर घेतलेले असतात. खेपा वाढल्या तरच ती फिटते. त्याच्या बैलाचा खांदा सुजलाय तो दुष्टपणानं नाही, थांबायला परवडत नाही म्हणून. आणि दुसरीकडे, मजा म्हणून कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधणारा पोरगा किंवा पिल्लं पोत्यात भरून तलावात फेकणारा माणूस असतो. जनावराला दोन्हीकडे सारखंच दुखतं, हे मला मान्य आहे. पण पहिल्या माणसाशी बोलून काम होतं आणि दुसऱ्याची तक्रारच करावी लागते. दोघांना एकाच तोंडानं बोललात तर पहिला हातचा जाईल.

पायरी २ : बोला

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझी निम्म्याहून जास्त कामं इथंच मिटली आहेत.

गाडीवानाला ‘अहो मामा’ म्हणून सुरुवात करा. पहिलं वाक्य बैलाच्या कौतुकाचं असू द्या. खिलार जोडी असेल तर ते खोटं बोलावं लागत नाही. मग विचारा, ‘मामा, डाव्याचा खांदा आलाय का ओ? कधीपासून?’ तो सांगतो. दहातले आठ जण सांगतात, कारण दिवसभरात त्याला कुणी बैलाबद्दल विचारलेलं नसतं. मग ‘दोन दिवस याला सोडता येईल का? डॉक्टरला मी फोन करते, पैसे लागत नाहीत.’ पैसे लागत नाहीत हे वाक्य आधी बोला, नंतर नाही. खुराची पत्री (नाल) झिजलेली असेल, जुवाखाली गोणपाटाची घडी नसेल, तर अशा बारीक गोष्टी तिथल्या तिथं होतात. माझ्या डिकीत सहा महिने दोन गोणपाटं आणि एक बादली असते.

शहराच्या पूर्व भागात गेलात आणि तेलुगू येत नसेल, अक्कलकोटच्या बाजूला गेलात आणि कन्नड येत नसेल, तर गल्लीतल्या एखाद्या मुलाला सोबत घ्या. घरात बोलली जाणारी भाषा ऐकली की समोरच्याचा ताण उतरतो, हे मी फार वेळा पाहिलंय.

शेजाऱ्यांचं जनावर असेल तर संध्याकाळी जा, एकट्यानं जा, आणि बाईमाणसाशी बोला. गच्चीवर उन्हात बांधलेल्या कुत्र्याबद्दल मी एका काकूंना एवढंच म्हणाले होते, ‘काकू, दुपारी फरशीवर अनवाणी उभं राहून बघितलंय का हो?’ दुसऱ्या दिवशी कुत्रा जिन्याखाली होता. सोसायटीच्या ग्रुपवर तोच फोटो टाकला असता तर त्यांनी कुत्रा कुठं नेऊन सोडला असता, सांगता येत नाही. ही भीती नेहमी मनात ठेवा, कारण मालक चिडला की त्याची किंमत जनावर मोजतं.

समोरचा प्यायलेला असेल, हातात काठी-सळई असेल, चार-पाच जण मिळून करत असतील, तर बोलायला जाऊ नका. लांब उभे राहा आणि ११२ ला फोन लावा.

पायरी ३ : योग्य माणसाला फोन

तीन आकडे मोबाईलमध्ये आजच टाकून ठेवा.

१९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे. गाय, बैल, म्हैस, शेळी पडली असेल तर पहिला फोन इथं.

११२ पोलिसांचा. छळ डोळ्यांसमोर चालू असेल तेव्हा.

१९२६ वनविभागाचा. साप, घोरपड, माकड, मोर, काळवीट, पिंजऱ्यातला पोपट, घरात पाळलेलं चांदणी कासव, ही सगळी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात आणि त्यांना आपण हात लावायचा नसतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास कुत्र्यांनी काळवीट धरल्याचं दिसलं तरी हाच क्रमांक.

फोनवर पत्ता सांगताना ‘सात रस्त्याजवळ’ म्हणून भागत नाही. कुठल्या दुकानासमोर, कुठल्या बाजूला, जनावर कुठलं, उभं आहे की पडलेलं, रक्त कुठून येतंय, हे चार वाक्यांत सांगा. आणि गाडी येईपर्यंत तिथंच थांबा. आपण निघून गेल्यावर डॉक्टर आले आणि जनावर सापडलं नाही, तर पुढच्या वेळी आपल्या फोनवर त्यांचा भरवसा राहत नाही.

पडलेल्या जनावराच्या तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. गाय-बैल एका कुशीवर सपाट पडला असेल तर पोत्यांचा आधार देऊन छातीवर बसता करा, नाहीतर पोट फुगतं. जखमी कुत्र्याचं तोंड ओढणीनं बांधल्याशिवाय उचलू नका, पण उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधायचं नाही. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. नवीन पोरं हा भाग ऐकून सोडून देतात. कृपा करून सोडू नका.

पायरी ४ : पुरावा

व्हिडिओ लहान चालेल, पण सुरुवातीला आजूबाजूचा परिसर, दुकानाची पाटी, गाडीचा नंबर आला पाहिजे. मग जनावर, मग जखम जवळून. त्यावर गाणं, अक्षरं, काटछाट काही नको. मूळ फाईल त्याच मोबाईलमध्ये राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली प्रत बारीक होते आणि तिची मूळ तारीख जाते. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते मूळ मोबाईल असेल तर सहज देता येतं. त्याच रात्री वहीत वेळ, जागा, कोण कोण होतं ते लिहा. दोन साक्षीदारांची नावं मिळाली तर उत्तम, एक मिळालं तरी चालेल.

पायरी ५ : ठाण्यात

सगळ्यात आधी हद्द. सोलापूर शहराला पोलिस आयुक्तालय आहे आणि बाकी जिल्हा पोलिस अधीक्षकांकडे, म्हणजे सोलापूर ग्रामीणकडे येतो. हद्दीवरून परत पाठवत असतील तर नम्रपणे सांगा की दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलिस स्वतःहून करू शकतात अशा गुन्ह्याची) खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, ती शून्य क्रमांकानं नोंदवून पुढे पाठवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे आलेलं आहे.

आता कलमांचं. १९६० च्या कायद्यात मारहाणीला पहिल्या वेळी दंड आहे १० ते ५० रुपये. आकडा वाचून माझा जीव जळतो, आजही. शिवाय त्यातली बहुतेक कलमं अदखलपात्र आहेत. ठाण्यात फक्त नोंद होते, ज्याला आपण एनसी म्हणतो, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. म्हणून घटना कुठल्या कलमात बसते हे बघूनच जा.

जनावराला ठार मारणं, विष घालणं, अपंग किंवा निकामी करणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये येतं. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पूर्वी यासाठी भारतीय दंड विधानाची ४२८ आणि ४२९ ही कलमं होती, जुने हवालदार अजून तेच आकडे बोलतात, त्यांना नवा आकडा सांगा. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीतही या कलमाखाली गुन्हे नोंदले जातात. १९६० च्या कायद्याचं कलम ११(१)(एल), म्हणजे अनावश्यक क्रूरपणे मारणं किंवा अवयव तोडणं, हेही दखलपात्र आहे. झुंजी भरवणंही. आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की एकाच घटनेत पाच कलमं लागत असतील आणि त्यातलं एक जरी दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरतात. पन्नास रुपयांच्या कलमाला ३२५ ची जोड मिळाली की तपास सुरू होतो.

अर्ज घरूनच लिहून न्या, दोन प्रतींत. तो साधारण असा असावा:

‘दि. … रोजी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास … पेठेतील मारुती मंदिरामागे एका इसमाने तपकिरी रंगाच्या मादी कुत्रीच्या डोक्यात लोखंडी सळईने तीन वेळा मारले. कुत्री जागीच मरण पावली. मी ही घटना समोरून पाहिली आहे. व्हिडिओ माझ्या मोबाईलमध्ये मूळ स्वरूपात आहे. तरी भारतीय न्याय संहिता कलम ३२५ व प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम १९६० चे कलम ११(१)(ए) व ११(१)(एल) अन्वये गुन्हा नोंदवून शवविच्छेदनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यास पत्र द्यावे, ही विनंती.’

एवढंच. ‘नराधम’, ‘सैतान’ असले शब्द घालू नका. जे पाहिलं ते लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. गुन्हा नोंदला तर एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

पहिल्या वेळी मला एका ठाण्यात तीन तास बसवून ठेवलं होतं. ‘कुत्र्यासाठी आलाय का मॅडम?’ असं तिघांनी विचारलं. मी तिन्ही वेळा हो म्हणाले. चौथा माणूस आला तो गावाकडचा होता, त्यानं अर्ज वाचला आणि विचारलं, ‘पिल्लं आहेत का हिला?’ गुन्हा त्यानं नोंदवला. ठाण्यात असा माणूस असतो, फक्त त्याची ड्यूटी लागेपर्यंत बसायची तयारी हवी. शक्यतो सोबत कुणी वयानं मोठं माणूस असू द्या.

नोंद नाकारली तर तोच अर्ज, नाकारल्याची तारीख-वेळ घालून, शहरात पोलिस आयुक्तांना आणि ग्रामीणमध्ये अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा. त्यानंतरची पायरी मॅजिस्ट्रेटची. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीलाही द्या. १९६० च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून ३ महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. ‘बघू, करू’ मध्ये हे तीन महिने निघून जातात, म्हणून कॅलेंडरवर तारखेला गोल करा आणि दर पंधरा दिवसांनी चौकशीला जा.

विषाची केस आली तर

ही वेगळी सांगते, कारण वेळ फार कमी असतो. तोंडाला फेस, अंग थरथरणं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झालेल्या, अशी एकाहून जास्त कुत्री दिसली तर कीटकनाशकाचा संशय घ्या. दूध, तेल, मीठ-पाणी पाजू नका. सरळ दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना कीटकनाशकाचा संशय सांगा, त्यावर इंजेक्शन असतं. मेलेलं जनावर पुरू नका. शवविच्छेदन झालं नाही तर केस उभीच राहत नाही. आपल्याकडच्या उन्हात शव काही तासांत बिघडतं, म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून भोवती बर्फ लावा आणि पोलिसांचं पत्र मिळवायच्या मागे लागा. उरलेलं अन्न, उलटी, कागदाची पुडी हातमोजे घालून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. लहान मुलं आणि बाकीची कुत्री त्या जागेपासून लांब ठेवायला एक माणूस उभा करा.

गल्लीतली कुत्री

सर्वात जास्त भांडणं इथं होतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे महापालिकेनं कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना जिथून उचललं तिथंच सोडायचं असतं. कानाला खाच दिसली की त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे असं समजा. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हे तत्त्व ठेवलं, पण रेबीजची लागण झालेली किंवा आक्रमक कुत्री परत सोडायची नाहीत असं सांगितलं, आणि रस्त्यावर कुठंही खायला घालायला मनाई करून त्यासाठी ठरावीक जागा करायला सांगितल्या. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानं शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणची कुत्री हलवायला सांगितलं. तेव्हा शाळेच्या दारात बिस्किटं टाकत असाल तर आजच थांबवा. वॉर्डातली जागा ठरवून घ्या, ठरलेल्या वेळी घाला, उष्टं उचला. ज्या आईच्या लेकराला कुत्रं चावलंय तिच्यासमोर कायदा बोलू नका. तिच्याबरोबर लसीला जा.

हे करू नका

जनावरांची गाडी स्वतः रस्त्यात अडवू नका. ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गाई-बैल नेता येत नाहीत, पशुवैद्यकाचा दाखला लागतो, हे नियम आहेत. पण ते बघायचं काम पोलिसांचं. गाडीचा नंबर, दिशा, वेळ ११२ ला कळवा आणि तुमचं काम संपलं. चालकाचं नाव आणि जात-धर्म विचारणाऱ्या गर्दीत उभे राहू नका. तिथं जनावराचा विषय कुणाच्याच डोक्यात उरलेला नसतो, आणि मला अशा गर्दीत तहानलेल्या बैलांना पाणी देणारा माणूस अजून दिसलेला नाही.

कुणाचं जनावर सोडून आणू नका, ती चोरी ठरते. आरोपीचा चेहरा आणि पत्ता ग्रुपवर फिरवू नका.

सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात किंवा सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात गेलात तर पहिल्या खेपेला फक्त फिरा. कास मोठी दिसावी म्हणून धार न काढता उभी केलेली पंढरपुरी म्हैस ओळखायला शिका. तिची कास तटतटलेली असते, मागचे पाय ती फाकवून ठेवते आणि हात लावू देत नाही. पाण्याची टाकी रिकामी असेल तर व्यापाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा बाजार भरवणाऱ्यांच्या कार्यालयात लेखी द्या. बैलगाडा शर्यतींचं म्हणाल तर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं त्यांना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा मान्य केला, त्यामुळे शर्यत आहे एवढ्यावरून तक्रार होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी होती का आणि बैलाला मारहाण झाली का, हे दोन प्रश्न विचारायचे.

या आठवड्यात काय कराल

ठाण्यापासून सुरुवात करू नका. दारात पाणी ठेवा. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात हे सांगताना मला संकोच वाटतो, म्हणून भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी वेगळं काढायला सांगते, जनावरं ते आवडीनं पितात. सिमेंटची उथळ कुंडी घ्या, कडुनिंबाच्या सावलीत ठेवा, गाईचं तोंड पोचेल आणि वाहनांना अडणार नाही अशी. आत एक वीट उभी करा, खार किंवा चिमणी पडली तर चढून बाहेर येते. दर तिसऱ्या दिवशी तळ घासून पाणी बदला, नाहीतर डास होतात आणि शेजारी कुंडी उचलून टाकतात. कोण कोण पाणी प्यायला येतं ते आठ दिवस बघा. कुणाची गाय लंगडते, कुणाच्या बैलाच्या वेसणीला जखम आहे, ते तिथंच दिसायला लागेल.